दमट हवेत ठेवणीतले कपडे : बुरशी काढावी कशी आणि येऊ द्यायची नाही कशी

अकोला, लातूर किंवा सोलापूरकडून ठाण्यात वा नवी मुंबईत राहायला आलेल्या कुटुंबाला पहिल्या पावसाळ्यात एक अनुभव हमखास येतो. गणपतीसाठी ठेवणीतली साडी किंवा कुर्ता काढायला कपाट उघडावे, तर आधी कुबट वास येतो आणि मग घडीच्या कडेला पांढुरकी भुकटी किंवा काळे-हिरवे ठिपके दिसतात. गावाकडे हीच साडी पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे सुखरूप होती, त्यामुळे दोष साडीचा, धुण्याचा की कपाटाचा, हे लवकर उमगत नाही. खरे कारण इथली हवा आहे. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे आणि पारसिकचे डोंगर, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, अशा या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. कापडावर बुरशी धरायला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता पुरते आणि २५ ते ३० अंश तापमान तिला सर्वांत मानवते. आपल्या घरात पावसाळाभर नेमके हेच तापमान असते.

मी स्वतः अकोल्याहून नेरुळला आले, तेव्हा लग्नातली पैठणी ड्रायक्लीनिंगहून आलेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातच कपाटात ठेवली होती. कपाटाची मागची बाजू न्हाणीघराच्या भिंतीला लागून होती, हे तेव्हा लक्षातही आले नाही. गौरीच्या दिवशी घडी उघडली, तर पदराच्या आतल्या थरावर एक-एक रुपयाएवढी राखाडी वर्तुळे उमटली होती. घाबरून मी ओल्या फडक्याने ती पुसायला गेले आणि वर्तुळांचे फराटे झाले. त्यातला एक फराटा आजही त्या पदरावर आहे. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकले, ते नव्याने इथे आलेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बुरशीच्या बाबतीत योग्य गोष्ट चुकीच्या वेळी केली तरी कापड बिघडते.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी : हाताला कोरडे लागते ते कोरडे नसते

प्रत्येक नैसर्गिक धागा हवेतले पाणी स्वतःमध्ये धरून ठेवतो. हवेची आर्द्रता ६५ टक्के असताना शंभर ग्रॅम पूर्ण कोरड्या सुती कापडात सात-आठ ग्रॅम, रेशमात सुमारे अकरा आणि लोकरीत सुमारे सोळा ग्रॅम पाणी असते. पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा ग्रॅमही नसते. आर्द्रता नव्वदच्या घरात गेली की सुती कापडातले हे पाणी दीडपटीच्याही पुढे जाते. म्हणजे अर्ध्या किलोच्या सुती साडीत पन्नास-साठ ग्रॅम पाणी मुरलेले असते आणि तरीही ती हाताला कोरडीच लागते. अशी साडी जुलैत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद केली, तर आपण बाहेरची ओल अडवली असे वाटते, पण प्रत्यक्षात आतली ओल कोंडलेली असते. माझ्या मते इथल्या घरांत कपडे खराब होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी याच गोष्टीभोवती फिरते.

बुरशीला ओलीबरोबर खाद्यही लागते. सुती धाग्यातला सेल्युलोज, रेशीम आणि लोकर यांतली प्रथिने, घाम, अंगाचे तेल, सांडलेल्या सरबताचा थेंब, आणि सगळ्यांत आवडते म्हणजे खळ. कडक खळ देऊन इस्त्री केलेली सुती साडी ठेवणीत घालणे म्हणजे तिच्यावर बुरशीसाठी जेवण वाढून ठेवणेच होय. पॉलिएस्टरचा धागा बुरशीला पचत नाही, पण त्यावरचा मळ पचतो, त्यामुळे न धुतलेला पॉलिएस्टरचा शर्टही सुटत नाही.

ती बुरशीच आहे ना, हे पाहावे

बुरशी बहुधा गोलसर बेटांच्या रूपात येते, तिला कुबट वास असतो आणि पांढरी-राखाडी असेल तर ती मऊ ब्रशने सुटते. धुण्याच्या पावडरीचा राहिलेला अंश रेघांसारखा दिसतो आणि त्याला असा वास नसतो. पिवळट-तपकिरी, कडा नसलेले चट्टे हे बहुधा जुन्या घामाचे किंवा तेलाचे असतात. भोके पडली असतील तर ती कसर आहे, आणि तिचा उपाय निराळा. जरीची तार काळवंडणे म्हणजे बुरशी नव्हे, ती धातूवरची प्रक्रिया आहे. पांढऱ्या सुती कापडावरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल शंका असेल, तर पातळ केलेल्या साध्या ब्लीचचा एक थेंब आतल्या बाजूच्या एखाद्या ठिपक्यावर ठेवून दोन मिनिटे थांबावे. ठिपका फिकट झाला तर बुरशी असण्याची शक्यता अधिक आहे, तसाच राहिला तर मळ किंवा काजळी असेल. ही परीक्षा रंगीत कापडावर, रेशमावर किंवा लोकरीवर कधीही करू नये.

पहिली पायरी : कपडे बाजूला काढणे

बुरशी दिसताच कपडा झटकण्याचा मोह होतो. तो टाळावा. एका झटक्यात तिचे बीजाणू सगळ्या खोलीत, गादीवर आणि उरलेल्या कपड्यांवर जातात. कपडा अलगद मोठ्या पिशवीत किंवा जुन्या चादरीत गुंडाळून गॅलरीत न्यावा आणि मगच उघडावा. नाका-तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात रबरी मोजे असावेत. घरात कोणाला दमा असेल, तान्हे बाळ असेल किंवा वयस्क माणसे असतील, तर त्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवावे. गॅलरी नसेल तर खिडकीजवळ, पंखा बंद ठेवून आणि खोलीचे दार लावून हे काम करावे. ज्या कपड्यांवर काही दिसत नाही पण जे त्याच खणात होते, त्यांनाही संशयित समजून वेगळे ठेवावे.

दुसरी पायरी : आधी सुकवणे, मग झाडणे, पाणी सर्वांत शेवटी

माझ्या पदरावरचा फराटा याच ठिकाणी झाला. ओली बुरशी मऊ असते, ती पुसली की तिचा रंग आणि बीजाणू धाग्यांच्या आत ढकलले जातात. तीच बुरशी सुकली की ठिसूळ होते आणि पृष्ठभागावरून सुटते. म्हणून पहिले काम सुकवण्याचे. उघडीप असेल तर सुती कपडे उन्हात, उलटे करून, दोन-तीन तास टाकावेत. रेशीम आणि गडद रंग उन्हात विटतात, त्यांना सावलीतला वारा द्यावा. पाऊस लागूनच राहिला असेल, तर खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर लावावा आणि शेजारी टेबलफॅन ठेवावा. एक रात्र एवढे केले तरी फरक दिसतो.

नंतर कपडा वर्तमानपत्रावर सपाट पसरावा आणि मऊ केसांच्या ब्रशने विणीच्या दिशेने, एकाच बाजूला, हलक्या हाताने झाडावा. दाढीचा जुना स्वच्छ ब्रश किंवा बाळाच्या केसांचा ब्रश यासाठी उत्तम. चोळू नये. शिवणीच्या आत, कॉलरखाली, खिशांच्या कोपऱ्यांत आणि साडीच्या फॉलच्या आतल्या बाजूला आवर्जून पाहावे, कारण दोन थर जिथे एकमेकांना चिकटून असतात तिथे ओल टिकते. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर त्याच्या तोंडाला जुन्या नायलॉन मोज्याची जाळी बांधून कमी वेगावर वापरावा. काम झाल्यावर वर्तमानपत्राची पुडी बांधून ती लगेच घराबाहेरच्या कचऱ्यात टाकावी आणि ब्रश गरम साबणपाण्यात धुवावा.

तिसरी पायरी : कापड ओळखून धुणे

सर्वांत सोपे काम पांढऱ्या सुती कपड्यांचे. धुण्याच्या नेहमीच्या पावडरीसोबत ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढण्याची पावडर, ४० ते ६० अंश गरम पाण्यात वेष्टनावरील प्रमाणात विरघळवून कपडे दोन-तीन तास भिजत ठेवावेत आणि नंतर मशीनमध्ये गरम पाण्याच्या सत्रात धुवावेत. त्यानेही ठिपके हटले नाहीत तरच साधे क्लोरीन ब्लीच घ्यावे : चार-पाच लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे, दहा मिनिटे, आणि मग तीन वेळा खळबळून काढणे. गृहिणींच्या पिढ्यांनी वापरलेला लिंबू-मिठाचा उपायही पांढऱ्या सुती कापडावर खरोखर काम करतो. ठिपक्यावर मीठ पसरून वर लिंबू पिळावे, तासभर उन्हात ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे, कारण कापडात राहिलेले आम्ल सुती धागा कमकुवत करते.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, एकाच बादलीत एकापाठोपाठ एकही ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि आपल्याकडच्या छोट्या, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणासोबतही ब्लीच मिसळू नये.

रंगीत सुती आणि पॉलिएस्टर कपड्यांचा रंग पक्का आहे का, हे आतल्या शिवणीवर पाहून घ्यावे. पक्का असेल तर वरील ऑक्सिजन ब्लीच चालते. डाग नसून फक्त कुबट वास उरला असेल, तर चार लिटर पाण्यात एक पेला साधे पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावे आणि मग नेहमीप्रमाणे धुवावे. एकट्या-दुकट्या ठिपक्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचे मिळते, त्यात तितकेच पाणी घालून ३ टक्क्यांचे करावे, कापसाने टेकवावे, दहा मिनिटांनी धुवावे. स्ट्रेच जीन्स, लेगिंग्ज अशा लायक्रा असलेल्या कपड्यांना क्लोरीन ब्लीच लावू नये, ताण निघून जातो.

रेशमाबाबत माझा आग्रह असा की घरी जितके कमी कराल तितके चांगले. क्लोरीन ब्लीच रेशीम आणि लोकर अक्षरशः विरघळवते. डाग खाणारी विकरे (एन्झाइम) असलेल्या पावडरी प्रथिनांचे डाग तोडण्यासाठीच बनवलेल्या असतात, आणि रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे, म्हणून त्याही वर्ज्य. जरीच्या साडीला व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये, धातू काळवंडतो. पैठणी, शालू किंवा नारायणपेठ असेल तर कोरडे झाडून, सावलीत वारा देऊन ती ड्रायक्लीनिंगला द्यावी आणि देताना "हा डाग बुरशीचा आहे" असे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावे, डागाची जागा दोऱ्याचा सैल टाका घालून दाखवावी. ड्रायक्लीनिंगने बुरशी आणि वास जातो, पण रंगाचा डाग जाईलच असे नाही, हे आधीच मनाशी धरावे. बिनजरीचे साधे, पक्क्या रंगाचे रेशीम मात्र रिठ्याच्या कोमट पाण्यात घरी धुता येते. रिठा ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या बाजारात किंवा कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो.

लोकरीच्या कपड्यांना थंड पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण लागतो, आणि ते टांगून न ठेवता सपाट वाळवावे लागतात. कोट, शेरवानी आणि अस्तर असलेल्या ब्लाउजमध्ये बुरशी आतल्या कॅनव्हासवर किंवा खांद्याच्या पॅडवर असते, बाहेरून कितीही पुसले तरी ती आतच राहते, म्हणून हे कपडे थेट ड्रायक्लीनिंगला द्यावेत. चामड्याचा पट्टा, बूट किंवा जॅकेट असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन किंचित ओलसर फडक्याने पुसावे, सावलीत वाळवावे आणि शेवटी चामड्याचे क्रीम लावावे. हे करताना जवळ देवघरातला दिवा किंवा गॅस चालू नसावा.

एक नियम सगळ्या कापडांना लागू आहे : डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नये आणि ड्रायरमध्ये घालू नये. उष्णतेने उरलेला डाग पक्का होतो. आणि धागाच कुजला असेल, म्हणजे डागाच्या जागी कापड बोटांनी हलकेच ताणले तर विरते असे आढळले, तर तिथे अधिक रसायन वापरून काही साधत नाही. बुरशीने तिथला सेल्युलोज खाऊन टाकलेला असतो.

चौथी पायरी : वाळवणे, जी इथे खरी परीक्षा आहे

पाच किलो कपडे मशीनमध्ये पिळून निघाले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरलेले असते. ते कपडे बेडरूममधल्या स्टँडवर वाळत घातले, की तेवढे पाणी त्याच खोलीच्या हवेत आणि तिथून कपाटात जाते. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत आणि नवी मुंबईतल्या नव्या वसाहतींत गॅलऱ्या बंद करून घेतलेल्या असतात, त्यामुळे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. शक्य असेल तर कपडे वाळवण्याची आणि ठेवणीच्या कपाटाची खोली वेगळी असावी. दोन वेळा पिळण्याचे सत्र लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कपडा वाळला की नाही हे तळहातावरून ठरवू नये. गालाला लावून पाहावा, थंड लागला तर ओल आहे. कमरेचा पट्टा, खिशाचे अस्तर, कॉलर आणि बाहीची दुमड सर्वांत उशिरा वाळतात. माझी खात्रीची पद्धत अशी : त्या जाड जागेवर वाफेविना गरम इस्त्री एकदा फिरवायची आणि लगेच काचेचा कोरडा पेला त्यावर पालथा ठेवायचा. काचेला आतून वाफ धरली, तर तो कपडा अजून ठेवणीत जायच्या लायकीचा नाही. इस्त्री झालेले कपडेही गरम असताना घडी करून लगेच कपाटात ठेवू नयेत. तासभर मोकळे ठेवून थंड झाले की मग घडी करावी.

पाचवी पायरी : कपाट आणि भिंत

कपडे स्वच्छ करून त्याच कपाटात परत ठेवले, तर महिन्याभरात सगळे पुन्हा सुरू होते. कपाट पूर्ण रिकामे करावे, तळाला पसरलेली जुनी वर्तमानपत्रे फेकून द्यावीत, कोपरे व्हॅक्यूम करावेत आणि आतून पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसून, दारे उघडी ठेवून, टेबलफॅनच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस वाळवावे. प्लायवूडच्या कपाटाची मागची फळी विशेष नीट पाहावी, बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. पत्र्याचे कपाट ओल शोषत नाही, पण त्यात हवाही खेळत नाही, त्यामुळे त्यात ठेवलेल्या कपड्यांची कोरडेपणाची अट आणखी कडक असते. बॉक्स बेड आणि माळा या दोन्ही जागा ठेवणीसाठी सोयीच्या असल्या, तरी बॉक्स बेडमध्ये फरशीचा गारवा आणि माळ्यावर स्लॅबची ओल येते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी माळ्यावर रेशीम ठेवूच नये.

भिंतीला ओल आहे की फक्त खोलीची हवा दमट आहे, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. कपाटामागच्या भिंतीवर एक फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावे. दवबिंदू प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीच्या हवेतून. पहिल्या प्रकारात सोसायटीकडे लेखी अर्ज करून पाझर दुरुस्त करून घेण्याला पर्याय नाही. कपाटात कितीही गोळ्या आणि पुड्या ठेवल्या तरी भिंत रोज नवे पाणी देतच राहते. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत या जागा ठेवणीच्या कपाटासाठी टाळाव्यात. कपाट हलवता येत नसेल, तर निदान भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढावे.

सहावी पायरी : ठेवण

ठेवणीचा मुहूर्त पावसाळ्यात नसतोच. इथली सर्वांत कोरडी हवा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारची असते. त्या दिवसांत, दुपारी साधारण दोन ते चारच्या दरम्यान, कपडे ऊन किंवा वारा देऊन, सावलीत थंड करून, त्याच दुपारी बंद करावेत. संध्याकाळपर्यंत ते बाहेर राहिले तर पुन्हा हवेतले पाणी घेतात. मे महिन्यात ऊन कडक असले, तरी खाडीवरून येणारी हवा दमट असते, म्हणून हिवाळा चुकलाच तरच मे. ठेवण्यापूर्वी प्रत्येक कपडा धुतलेला असावा, एकदाच नेसलेला असला तरी. सुती साड्यांची खळ काढून टाकावी, नेसायच्या आदल्या दिवशी पुन्हा देता येते.

ड्रायक्लीनिंगचे प्लॅस्टिक त्याच दिवशी काढून टाकावे. रेशीम मांजरपाटात किंवा जुन्या, मऊ, पांढऱ्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळावे. नवे मांजरपाट दोनदा धुऊन त्यातली खळ काढल्याशिवाय वापरू नये. घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे वाईट नसतात, पण त्यांत हिवाळ्यातच कपडे भरावेत आणि सिलिका जेल असावे. तसे जमत नसेल तर हवा जाणारे कापडी कव्हरच बरे. खण ठासून भरू नये, घड्यांमध्ये हात सहज जाईल इतकी जागा असावी.

डांबर गोळ्या, कापूर, वेखंड, लवंग, कडुनिंबाची वाळलेली पाने यांचा उपयोग किड्यांसाठी आहे, बुरशीसाठी नाही. माझ्या सासूबाई पेटीत वेखंडाचे तुकडे पुरचुंडी बांधून ठेवत आणि त्यांच्या साड्यांना कधी कसर लागली नाही, पण इथे आल्यावर त्याच पुरचुंडीवर बुरशी धरली. डांबर गोळ्यांबद्दल तर अधिक सावध राहायला हवे. नॅप्थलिनच्या वाफेने काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होते. बाळंतविड्याचे कपडे आणि दुपटी यांच्याजवळ त्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. कपाटात पिवळा दिवा लावून ठेवण्याचा जुना उपाय कपड्यांजवळ आगीला आमंत्रण देतो, तोही सोडून द्यावा.

ओल शोषण्यासाठी दोन वस्तू खरोखर उपयोगी आहेत. सिलिका जेलचे रंग बदलणारे दाणे घ्यावेत, नारिंगी दाणे ओल भरली की हिरवे होतात. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवले की ते पुन्हा कामाला येतात, म्हणून ते वर्षानुवर्षे पुरतात. बंद डब्यासाठी हेच उत्तम. मोठ्या कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी ओढून त्याचे द्रावण करतात. हे द्रावण कापडावर किंवा चामड्यावर सांडले तर निघता निघत नाही, म्हणून डबा नेहमी तळाच्या खणात, पसरट ताटलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा, कपड्यांच्या वर टांगू नये. वाटीत साधे मीठ किंवा तांदूळ ठेवण्याचा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. मीठ हवेतले पाणी ओढू लागते तेच मुळी ७५ टक्के आर्द्रतेच्या वर, म्हणजे बुरशीला जेवढी ओल पुरते तिच्याखाली मीठ कपाटाला नेऊच शकत नाही.

मिठाचा हाच गुण मात्र दुसऱ्या कामी येतो. कपाटात ठेवायला काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक घ्यावा, आणि तो खरे सांगतो का हे असे तपासावे : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे, झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवावे. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवे. तो ७९ दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक आकड्यातून चार वजा करावेत. एवढी एक वस्तू घरात असली की अंदाजाचा खेळ संपतो.

वर्षभराचा क्रम

मुंबई परिसरात मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, असे हवामान विभागाचे सर्वसाधारण वेळापत्रक आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस सिलिका जेल तापवून आणि कॅल्शियम क्लोराइडचे नवे डबे ठेवून कपाट बंद करावे. पावसाळ्यात "कपाट रोज उघडे ठेवा, हवा लागू द्या" हा सल्ला इथे उलटा पडतो, कारण बाहेरची हवाच ८५ टक्क्यांची असते. मापक खोलीत ६५ च्या खाली दाखवेल तेव्हाच दारे उघडावीत, म्हणजे लांबलेल्या उघडिपीतल्या दुपारी किंवा खिडक्या लावून एसी दोन तास ड्राय मोडवर चालवल्यानंतर. दर पंधरा दिवसांनी तळाच्या आणि मागच्या घड्यांना नाक लावून पाहावे, कुबट वास ठिपक्यांच्या आधी येतो आणि त्या वेळी नुसता वारा देऊनही काम भागते. डब्यातले द्रावण खुणेपर्यंत आले की भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडून द्यावे.

ऑक्टोबरच्या उन्हात सगळी ठेवण एकदा बाहेर काढावी. रेशमी साड्यांच्या घड्या मोडून नव्या रेषेवर घालाव्यात, जरीचा पदर आतून बाहेर फिरवावा, आणि ज्या घडीत वास येतो ती त्याच दिवशी वेगळी करून वर सांगितलेल्या पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.